न्यू जर्सीचा व्हॉल्व्ह ॲम्प आणि साताऱ्याचे स्टेज

प्रश्न साताऱ्याच्या एका गिटारवादकांचा आहे. ते हिंदी-मराठी गाण्यांच्या वाद्यवृंदात वर्षाला साठेक कार्यक्रम वाजवतात, आणि त्यांचा स्वतःचा तिघांचा ब्लूज-रॉक बँड पुण्यात अधूनमधून वाजतो. सध्या त्यांच्याकडे मध्यम किमतीचा, पायाने चालवायचा, ॲम्प आणि इफेक्टची नक्कल करणारा डिजिटल प्रोसेसर आहे. तो घरी छान वाजतो, स्टेजवर पातळ होतो, अशी त्यांची तक्रार आहे. न्यू जर्सीत राहणारा त्यांचा मावसभाऊ कायमचा परत येत आहे आणि स्वतःचा ४० वॅटचा फेंडर हॉट रॉड डिलक्स हा व्हॉल्व्ह ॲम्प (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, स्पीकर आतच असलेला ध्वनिवर्धक) त्यांना द्यायला तयार आहे. तो आल्यावर प्रोसेसर विकून टाकावा का, असे त्यांनी विचारले आहे, कारण खरा आवाज व्हॉल्व्हचाच, असे त्यांना सगळ्यांनी सांगितले आहे.

ॲम्प जरूर घ्या, प्रोसेसर विकू नका, आणि वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला तो ॲम्प नेऊ नका. मी पहिली बारा-तेरा वर्षे गिटार वाजवली आणि त्यानंतरचा बराच काळ मिक्सरमागे बसून काढला. ज्या गोष्टीसाठी वादक म्हणून मी भांडत असे, तीच गोष्ट मिक्सरमागून वेगळी दिसू लागली. त्यामुळे हा सल्ला पटायला तुम्हाला थोडा वेळ लागेल, याची मला कल्पना आहे.

आधी व्हॉल्व्हविषयी. तुमच्या ॲम्पमध्ये १२एएक्स७ जातीचे तीन छोटे व्हॉल्व्ह आणि ६एल६ जातीचे दोन मोठे व्हॉल्व्ह आहेत. काचेच्या निर्वात नळीत तापलेल्या कॅथोडमधून निघणारे इलेक्ट्रॉन शेकडो व्होल्ट दाब असलेल्या प्लेटकडे ओढले जातात आणि मधल्या जाळीवर आलेला गिटारचा क्षीण सिग्नल त्या प्रवाहाला कमी-जास्त करतो. सिग्नल मर्यादेपलीकडे गेला, की लाटेचे शिखर कात्रीने कापल्यासारखे न तुटता आधी गोलावते, मग दबते. हे दबणे तुमच्या आघाताच्या प्रमाणात बदलते, आणि म्हणूनच हलक्या हाताने स्वच्छ आणि जोराने वाजवताच खरखरीत, असा आवाज एकाच सेटिंगवर मिळतो. व्हॉल्व्हमुळे सम पटींचे (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे) सुरेल स्वरांश वाढतात म्हणून आवाज गोड लागतो, हे सर्वत्र ऐकू येणारे स्पष्टीकरण मात्र अर्धेच खरे आहे. दोन मोठे व्हॉल्व्ह आलटूनपालटून ढकलतात अशा रचनेत, आणि तुमचा ॲम्प त्याच रचनेचा आहे, शेवटच्या टप्प्यातले सम स्वरांश बऱ्याच अंशी एकमेकांना खाऊन टाकतात. त्या गोडव्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा आणि त्याहूनही जास्त स्पीकरचा वाटा असतो. गिटारचा १२ इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने गळून पडतो, आणि त्याच्या या ‘दोषा’ला आपण गेली साठ-सत्तर वर्षे गिटारचा आवाज म्हणत आलो आहोत. प्रोसेसरमधील कॅबिनेट, म्हणजे स्पीकरच्या खोक्याची नक्कल, बंद करून सरळ मिक्सरला लावून पाहा. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा जो आवाज येईल, तो स्पीकरविना उरलेला ॲम्प होय.

एवढ्या मोठ्या वॅटचे ॲम्प मुळात आले कशासाठी, हेही पाहायला हवे. १९६५ च्या ऑगस्टमध्ये बीटल्सने न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पन्नास हजारांहून अधिक लोकांपुढे वाजवले, तेव्हा गिटारसाठी व्हॉक्सचे १०० वॅटचे ॲम्प होते आणि गिटारचा आवाज लोकांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी त्यांचीच होती. आज आहे तशी गिटार, ड्रम आणि गायक यांना एकत्र उचलून धरणारी ध्वनिव्यवस्था तेव्हा नव्हती. लंडनमध्ये मार्शलने त्याच सुमारास १०० वॅटचे ॲम्प बनवले, ते द हू या बँडच्या पीट टाउनशेंडसारख्या वादकांनी आणखी मोठा आवाज मागितला म्हणून. आता गिटारच्या ॲम्पसमोर मायक्रोफोन लागतो आणि सभागृह भरण्याचे काम मुख्य स्पीकर करतात. म्हणजे ज्या कारणासाठी तो अवजड खोका जन्माला आला, ते कारण उरलेले नाही, पण खोका आणि त्याचा रुबाब दोन्ही उरले आहेत.

आता जरा हिशेब करू. गिटारचा बरा स्पीकर एका वॅटला, एका मीटरवर ९७ ते १०० डेसिबल देतो. ४० वॅट म्हणजे त्यावर १६ डेसिबल, म्हणजे एका मीटरवर ११४ च्या आसपास. तेच २० वॅट केले तर फक्त तीन डेसिबल कमी होतात, कानाला जेमतेम जाणवतील इतके. व्हॉल्व्ह ॲम्पचे खरे सौंदर्य मोठे व्हॉल्व्ह घाम गाळू लागतात तेव्हा उमलते, आणि तुमच्या ॲम्पमध्ये ते ज्या पातळीला उमलते, त्या पातळीला नाट्यगृहात पहिल्या चार रांगांतले लोक कानावर हात ठेवतात. मग साउंडवाला आवाज कमी करायला सांगतो, तुम्ही व्हॉल्यूम दोनवर आणता, आणि ज्या गुणासाठी वीस किलोचे ओझे जिना चढवून आणले तो गुण त्या संध्याकाळी खोक्यातच राहतो.

त्यात दिशेची भर पडते. १२ इंची स्पीकर तीव्र स्वर विजेरीच्या झोतासारखे अगदी समोर फेकतो. ॲम्प जमिनीवर, तुम्ही त्याच्या पुढे चार फुटांवर उभे. तुम्ही ऐकता कानाने आणि ॲम्प वाजून दाखवतो तुमच्या पोटऱ्यांना, म्हणून तुम्हाला आवाज बसका वाटतो आणि तुम्ही ट्रेबल वाढवता. बालगंधर्व रंगमंदिरात किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनात त्या झोताच्या रेषेत, पुढच्या रांगांत ज्यांची खुर्ची आहे, त्यांना त्या रात्री गायिकेपेक्षा गिटारच जास्त ऐकू येते. मी वादक असताना हे वर्षानुवर्षे केले आणि लोक गिटारची तक्रार का करतात ते मला कळत नसे. ॲम्प खुर्चीवर ठेवून मागे कलवला, तर हा प्रश्न अर्धा सुटतो. हे कोणीतरी मला विसाव्या वर्षी सांगायला हवे होते.

प्रोसेसरच्या बाजूला येऊ. अमेरिकेतील लाइन ६ कंपनीचा राजमाव्यासारख्या आकाराचा लाल पॉड १९९८ मध्ये आला, तेव्हापासून हा प्रकार सामान्य वादकाच्या हातात आहे, आणि व्हॉल्व्हवाल्यांचे बरेचसे आक्षेप त्या पहिल्या दहा वर्षांतल्या यंत्रांवरचे आहेत. ते तेव्हा खरेही होते. गिटारचा व्हॉल्यूम कमी केला तर आवाज स्वच्छ होण्याऐवजी नुसता बारीक होई, आणि वरच्या पट्टीत ताणलेल्या सुरांखाली कुठून तरी बेसूर कुजबुज येई. २००६ मध्ये फ्रॅक्टलचे ॲक्स-एफएक्स, २०११ मध्ये केम्पर, २०१५ मध्ये हेलिक्स आणि २०२१ मध्ये क्वाड कॉर्टेक्स हे प्रोसेसर आले, आणि हे दोष जवळजवळ संपले. यात दोन वेगळे मार्ग आहेत आणि खरेदी करताना त्यांचा घोळ होतो. एका मार्गात ॲम्पच्या मंडलातील घटक कसे वागतात ते गणिताने मांडतात, त्यामुळे खुंटी फिरवली की ती मूळ ॲम्पच्या खुंटीसारखी वागते. दुसऱ्यात खऱ्या ॲम्पला ठरावीक चाचणी-आवाज देऊन त्या एका सेटिंगचे ‘छायाचित्र’ घेतात. केम्पर हा त्याचा प्रसिद्ध नमुना. छायाचित्र अनेकदा जास्त हुबेहूब असते, पण त्यातला ट्रेबल फिरवला तर मूळ ॲम्पमध्ये जे झाले असते तेच होईल असे नाही. वाद्यवृंदात रात्रभरात वीस-पंचवीस वेगळे आवाज लागतात, तिथे मला पहिला मार्ग सोयीचा वाटतो.

प्रोसेसरमध्ये आवाज उशिरा येतो, ही तक्रारही नेहमी ऐकू येते. चांगला प्रोसेसर दोन ते चार मिलिसेकंद घेतो. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे ॲम्पपासून तीन मीटरवर उभे राहणारा वादक नऊ मिलिसेकंद उशिराच ऐकत आलेला आहे आणि त्याने कधी तक्रार केलेली नाही. वायरलेस, प्रोसेसर, डिजिटल मिक्सर आणि कानातला मॉनिटर (वादकाला स्टेजवरचा आवाज ऐकवणारे इअरफोन) यांचे विलंब एकावर एक चढले तर जाणवू शकते. तेव्हा आधी वायरलेस काढून पाहावे.

मग व्हॉल्व्ह ॲम्पचे असे काय आहे, जे प्रोसेसरने अजून दिलेले नाही? माझ्या अनुभवात ते ॲम्पच्या आत नाही, ॲम्प आणि गिटार यांच्या मधल्या हवेत आहे. पाठीमागचा स्पीकर मोठ्याने वाजू लागला, की त्याची हवा तुमच्या गिटारच्या लाकडाला आणि तारांना हलवते, ती हालचाल पिकअपमधून पुन्हा ॲम्पमध्ये जाते, आणि धरून ठेवलेला सूर विझण्याऐवजी फुलत जातो. वादक दोन पावले सरकून तो सूर पकडतो किंवा सोडतो. प्रोसेसर सरळ मिक्सरला लावून आणि कानात मॉनिटर घालून वाजवले, तर हे वर्तुळच तुटते. लोक याला व्हॉल्व्हचा जिवंतपणा म्हणतात, पण प्रोसेसरचा आवाज मागे ठेवलेल्या दमदार वेजमधून (स्टेजवरच्या तिरक्या मॉनिटर स्पीकरमधून) काढला तर तोही असाच फुलतो. मी अशी तुलना अनेक वादकांना पाठमोरे उभे करून ऐकवली आहे. स्पीकर सारखा आणि आवाजाची पातळी सारखी असेल तर ‘कुठला कोणता’ हे सांगताना बहुतेकजण घुटमळतात, आणि वाजवणाऱ्याच्या हातात मात्र फरक थोडासा उरतो. तो फरक खरा आहे. फक्त तो रांग ‘एफ’मध्ये बसलेल्या माणसाला पोहोचत नाही.

आता विजेचा विषय, कारण सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या मैदानी कार्यक्रमांत निकाल इथेच लागतो. व्हॉल्व्हच्या फिलामेंटला (आतल्या तापणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट हवे असतात, दहा टक्के इकडे-तिकडे चालतात. २३० च्या जागी जनरेटर १९५ व्होल्ट देऊ लागला, तर फिलामेंटला ५.३४ उरतात आणि प्लेटचा दाबही त्याच प्रमाणात पडतो. एका तालुक्याच्या गावी जत्रेच्या कार्यक्रमात मी हे भोगले आहे. रोषणाई पूर्ण पेटली आणि माझा ॲम्प हळूहळू आजारी पडल्यासारखा झाला, आवाज मऊ, मळकट, कितीही वाढवला तरी पुढे न येणारा. गायकाने दोन गाण्यांच्या मध्ये वळून विचारले, “गिटार झोपली का हो?” मल्टिमीटर लावला तर १९२. तेव्हापासून मल्टिमीटर माझ्या गिटारच्या पिशवीत असतो. प्रोसेसरचा ॲडाप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही खाऊन आत एकसारखाच पुरवठा देतो, त्यामुळे या दुखण्याची त्याला खबरही लागत नाही.

त्याचे दुखणे निराळे आहे. दुसऱ्या एका कार्यक्रमात वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत जेमतेम दोन सेकंद अंधार झाला. व्हॉल्व्ह ॲम्प असता तर फिलामेंट अजून तापलेले असल्याने तो लगेच बोलू लागला असता. प्रोसेसर मात्र संगणक आहे. तो पुन्हा सुरू होऊन पॅच (साठवून ठेवलेली आवाजाची सेटिंग) दिसेपर्यंत पाऊण मिनिट गेले, आणि मधले संगीत व अर्धा अंतरा मी हात हलवत, न वाजणारी गिटार वाजवत काढला. यावर उपाय स्वस्त आहे. घरच्या संगणकाचा ६०० व्हीएचा यूपीएस स्टेजवर प्रोसेसरसाठी ठेवा. प्रोसेसर सहसा पन्नास वॅटसुद्धा घेत नाही, त्यामुळे तो निवांत चालतो.

न्यू जर्सीच्या ॲम्पसाठी विजेचा प्रश्न आणखी गंभीर आहे. मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिले आहे का ते भावाला छायाचित्र काढून पाठवायला सांगा. तसे असेल तर तो आपल्या सॉकेटला थेट लावताच फ्यूज उडेल, आणि कोणी फ्यूजच्या जागी तार बांधली तर त्याहून वाईट होईल. २३० व्होल्टचे १२० करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर किमान ३०० व्हीएचा, शक्यतो ५०० चा घ्या, कारण ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो आणि त्यात स्टेपडाउन तोकडा असेल तर दोघेही तापतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बाजारातल्या अनेक स्वस्त स्टेपडाउनना बाहेरच्या बाजूला दोनच पिनांचे सॉकेट असते, म्हणजे अर्थिंग तिथेच तुटते. तुमच्या ॲम्पचा लोखंडी सांगाडा, गिटारच्या तारा आणि तुमची बोटे ही एकच साखळी आहे. १९७२ मध्ये वेल्समधील स्वॉन्झी येथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून विजेच्या धक्क्याने गेला. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास, तीन पिनांचा स्टेपडाउन गुंडाळून देणारे कारागीर मिळतात. घेतल्यावर मल्टिमीटरने भिंतीची अर्थ पिन आणि ॲम्पचा सांगाडा यांच्यात जोड आहे ना, ते स्वतः तपासा.

आता प्रोसेसरविषयी, कारण तुमच्या प्रश्नातले ‘घरी छान वाजतो, स्टेजवर पातळ होतो’ हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. दोष यंत्राचा नाही. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि तीव्र स्वर कमी ऐकू येतात, म्हणून रात्री हेडफोनवर पॅच बनवणारा माणूस नकळत दोन्ही टोके वाढवतो आणि मधला भाग खाली नेतो. स्टेजवर आवाज ९५ डेसिबलला पोहोचला, की वाढवलेला खर्ज बेस गिटार आणि ढोलकीशी भांडतो, वाढवलेला ट्रेबल झांजांत मिसळतो, आणि गिटार ज्या मधल्या पट्टीत राहते ती पट्टी तुम्ही स्वतःच रिकामी केलेली असते. एखाद्या दुपारी रिकाम्या सभागृहात, निदान शाळेच्या वर्गात, एका बऱ्या स्पीकरवर तो ९० डेसिबलच्या आसपास लावून बसा. सगळे इफेक्ट बंद करा. कॅबिनेटच्या नंतर १०० हर्ट्झच्या खालचे आणि सहा हजारांच्या वरचे कापा. गेन (सिग्नल किती जोराने ढकलून खरखरीत करायचा ते प्रमाण) जितका आवडतो त्याच्या दोन तृतीयांशावर आणा, कारण गेन वाढला की आवाज दबून सपाट होतो, मीटरवर मोठा दिसतो पण गर्दीत हरवतो. सोलोच्या पॅचला गेन न वाढवता तीन-चार डेसिबल पातळी आणि ८०० ते १००० हर्ट्झचा भाग थोडा वाढवा. मग कोणाला तरी सोबत गायला लावून सगळे पॅच एकापाठोपाठ वाजवा, आणि ज्या पॅचवर गाणारा दिसतो पण ऐकू येत नाही तो खाली आणा. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, अर्धा करा, सभागृह आपला रिव्हर्ब फुकट देणारच आहे.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. आपल्याकडची बहुतेक ध्वनिव्यवस्था मोनो चालते, तिथे स्टीरिओ कोरस लावलेला आवाज डावे-उजवे एकत्र होताना पोकळ होऊ शकतो, म्हणून पॅच मोनोवरच बनवा. आणि साउंडवाल्याला आधीच सांगा की तुमच्या चॅनेलचे ४८ व्होल्ट फँटम (मिक्सर मायक्रोफोनसाठी पाठवतो तो वीजपुरवठा) बंद ठेवावे. काही प्रोसेसरांचे आउटपुट त्याने खरखरते.

तुमच्या तिघांच्या बँडचे गणित मात्र उलटे आहे. तिथे बेस आणि ड्रम यांच्या मधली सगळी जागा एका गिटारला भरायची असते, आवाज दोन-तीनच लागतात, जागा लहान असते आणि लोक ॲम्पपासून पंधरा फुटांवर बसलेले असतात. म्हणजे ते मायक्रोफोनचा नव्हे, ॲम्पचाच आवाज ऐकतात. तिथे हा हॉट रॉड डिलक्स न्या, खुर्चीवर ठेवा, मागे कलवा आणि गिटारच्या व्हॉल्यूमच्या खुंटीनेच स्वच्छ आणि खरखरीत यांत ये-जा करा. प्रोसेसर सोबत ठेवा, पण डिलेपुरता, म्हणजे प्रतिध्वनीच्या इफेक्टपुरता. स्पीकरची तार जोडल्याशिवाय ॲम्प कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि त्या ॲम्पमधल्या महागड्या सुट्या भागांपैकी तो एक असतो. २०२२ च्या मार्चमध्ये रशियातून होणारा पुरवठा थांबला तेव्हा व्हॉल्व्हच्या किमती चढल्या होत्या, तेव्हा भाऊ अजून तिकडे आहे तोवर ६एल६ ची एक जुळवलेली जोडी आणि दोन १२एएक्स७ त्याला आणायला सांगा. प्रवासात मोठे व्हॉल्व्ह काढून, कपड्यांत गुंडाळून हातातल्या सामानात ठेवायला सांगा, आणि कोणता व्हॉल्व्ह कोणत्या खोबणीत होता त्याचे छायाचित्र काढायला सांगा. इकडे आल्यावर ते परत बसवून, पहिल्यांदा वाजवायला घेण्याआधी बायसची (मोठ्या व्हॉल्व्हमधून वाहणाऱ्या स्थिर प्रवाहाची) जुळवणी एखाद्या जुन्या रेडिओ मेकॅनिककडून करून घ्या. हे काम स्वतः करू नका, कारण ॲम्प बंद केल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट बराच वेळ राहू शकतात.